वाक्यातला कर्ता शोधा : मुलांना खरा इतिहास पुस्तकांतून आणि चित्रांतून शिकवताना

पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर इतिहासाचे वाचन सुरू करताना मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते : 'त्या काळी अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नसे.' मग व्याकरणाच्या तासाला विचारतात तोच प्रश्न विचारते, की या वाक्यात कर्ता कोण आहे. मुले वाक्य पुन्हा पुन्हा वाचतात. कोणी 'अस्पृश्य' म्हणते, कोणी 'पाणी' म्हणते, आणि थोड्या वेळाने एखादी मुलगी हळूच सांगते, "बाई, यात कर्ता नाहीच." तिचे म्हणणे खरे असते. पाणी न देणारा माणूस त्या वाक्यातून निघून गेलेला असतो आणि मागे उरते ती नुसती रूढी, कोणीच न आणलेली, कोणीच न पाळलेली.

आपल्या घरांत आणि शाळांत अन्यायाचा इतिहास बहुधा याच पद्धतीने सांगितला जातो. स्त्रियांना शिकू दिले जात नसे, विधवांचे केशवपन केले जाई, आदिवासींकडून वेठ करून घेतली जाई, आणि पुढच्याच वाक्यात एक महापुरुष येऊन सर्वांचा उद्धार करतो. त्यामुळे अन्याय करणारा दिसत नाही आणि अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली साधी माणसेही दिसत नाहीत. दिसतो तो हार घातलेल्या तसबिरीतला एकटा चेहरा. मुलांना खरा इतिहास शिकवायचा म्हणजे या दोन्ही बाजूंचे कर्ते वाक्यात परत आणायचे, असे मी मानते. त्यासाठी पुस्तक आणि चित्र ही दोन्ही साधने जोडीने वापरावी लागतात, कारण वाक्यात कर्ता लपवता येतो, पण चित्रात कोणाला तरी काढावेच लागते. पुढे जी रीत मांडली आहे ती पालकांना घरी, शिक्षकांना वर्गात आणि बालवाचनालय चालवणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी वापरता येईल.

मुलाच्या वयाच्या मुलापासून सुरुवात करावी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ओळख आपण संविधानापासून करून देतो. दहा वर्षांच्या मुलाला संविधान सभा फार दूरची असते, तहान मात्र त्याला रोज लागते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींची थोडी पाने इंग्रजीत लिहून ठेवली होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ती ओळखली जातात आणि त्यांचा मराठी अनुवादही वाचायला मिळतो. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे. वडील कोरेगावला नोकरीला होते आणि त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावले होते. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुले असे सगळे नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि ती महार असल्याचे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याबरोबर गाडीत बसेना. अखेर मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे असे ठरले. डब्यात जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

हा प्रसंग मुलांना सारांशाने सांगू नये, मोठ्याने वाचून दाखवावा आणि मध्ये दोनच ठिकाणी थांबावे. पहिला थांबा स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो तिथे. एका मिनिटापूर्वी समोर तीच मुले होती, तेच कपडे होते, तेच बोलणे होते. मग बदलले काय, एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. शांतता लांबली तरी चालेल. दुसरा थांबा टोलनाक्याचा कारकून पाणी नाकारतो तिथे. त्यानंतर मुलांनी वहीत फक्त कर्ते लिहून काढायचे : स्टेशनमास्तर, गाडीवान, नाक्यावरचा कारकून. प्रत्येकासमोर त्याने केलेली क्रिया लिहायची. यात मुलांना एक अडचण येते आणि ती यावी अशीच माझी इच्छा असते. चेहरा बदललेल्या त्याच स्टेशनमास्तरने थोड्या वेळाने परत येऊन गाडी ठरवून देण्याचा मार्गही काढला होता. तो वाईट होता की चांगला, असे मुले विचारतात. त्याने जे जे केले ते सगळे लिहा, असे मी सांगते. माणसाला एका शब्दात न बसवता त्याच्या कृती मोजायची सवय इतिहासाच्या वाचनाला फार उपयोगी पडते.

याच प्रसंगावर चित्रे काढताना दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 'भीमायन' या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रपुस्तकात केलेली एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. चित्रकथेत पात्रांचे बोलणे ज्या फुग्यात लिहितात, तो फुगा या चित्रकारांनी बोलणाऱ्याच्या वृत्तीप्रमाणे बदलला आहे. ज्यांचे बोलणे मायेचे आहे, त्यांच्या शब्दांभोवती पक्ष्याचा आकार येतो. ज्यांच्या शब्दांत विष आहे, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मुलांना ही युक्ती क्षणात कळते. मग त्यांना स्वतःचे आकार शोधू द्यावेत. आमच्या एका बैठकीत एका मुलाने नाक्यावरच्या कारकुनाच्या बोलण्याला विंचू काढला नाही, कोरडा पडलेला आड काढला. मी त्याला काही सुचवले नव्हते, आणि तेवढे चांगले चित्र मला सुचलेही नसते.

जे करू नये

इथेच एक इशारा देणे मला गरजेचे वाटते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. अन्याय 'अनुभवता' यावा म्हणून काही ठिकाणी वर्गाचे दोन गट करतात, एका गटाला वेगळे बसवतात, पाणी देत नाहीत, आणि नंतर कसे वाटले ते विचारतात. सुरुवातीच्या वर्षी मी हा खेळ घेतला. बहुतेक मुले हसत होती. एक मुलगा मात्र हसत नव्हता, आणि खेळ संपल्यावरही तो आपल्या जागेवर परत गेला नाही. त्याच्या घरी ती गोष्ट खेळ नव्हती, आजोबांनी सांगितलेली आठवण होती, आणि मी ती इतरांच्या करमणुकीसाठी सर्वांसमोर मांडली होती. तेव्हापासून मी अस्पृश्यतेचे नाट्यीकरण घेत नाही आणि कोणालाही घेऊ नका असे सांगते. भूमिका करायचीच असेल तर मुलांनी लढणाऱ्यांची, ठराव मांडणाऱ्यांची, पत्र लिहिणाऱ्यांची करावी. अपमान झालेल्याची भूमिका कोणत्याही मुलाच्या वाट्याला देऊ नये. त्याचप्रमाणे वर्गात कोणाची जात विचारू नये, 'तुझ्या घरी काय सांगतात' असे एखाद्याच मुलाकडे वळून म्हणू नये, आणि दलित किंवा आदिवासी मुलाला आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. त्याला बोलावेसे वाटले तर तो आपणहून बोलतो. नाही बोलला तरी तो ऐकत असतो.

जिने सोसले तिचेच शब्द

दुसऱ्या बाजूचा कर्ता शोधायचा तर सोसणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले वाचायला हवे, आणि मराठीत ते भरपूर आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आठवी-नववीच्या मुलांना हा निबंध जरूर द्यावा. तो लिहिणारी मुलगी त्यांच्याच वयाची होती, ही गोष्ट आधी सांगू नये. वाचून झाल्यावर सांगावी. इमारतीच्या पायात मांग-महारांना शेंदूर पाजून पुरण्याबद्दल, पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचे डोके उडवले जाण्याबद्दल, आडोसा नसलेल्या जागी बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल ती ज्या थेटपणे लिहिते, त्यात कर्मणी प्रयोगाचा आडोसा फारसा नाही. लहान मुलांसमोर यातला काही भाग वाचता येणार नाही, हे उघड आहे. पण 'मुलांना झेपणार नाही' हे कारण आपण ज्या सहजतेने पुढे करतो, त्याची मला धास्ती वाटते. लढायांत कापलेली मुंडकी आपण चौथीच्या मुलांना उत्साहाने सांगतो आणि ती मुलांना झेपतात.

मधल्या वयाच्या मुलांसाठी सावित्रीबाईंचे १८५६ सालचे एक पत्र मला सर्वांत उपयोगी वाटते. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. महार-मांगांसाठी काम केल्यामुळे तुम्हां नवराबायकोला वाळीत टाकले ते योग्यच झाले, अशा अर्थाचे सावित्रीबाईंचे भाऊ बोलले होते. त्यावर सावित्रीबाईंनी त्यांना विचारले, की तुम्ही गाय-बकरी कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, मग महार-मांग तर तुमच्यासारखीच माणसे आहेत, त्यांना का दूर ठेवता? नागपंचमी मुलांना ठाऊक असते, त्यामुळे हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. या पत्रावर मुलांकडून दोन कामे करून घ्यावीत. एक म्हणजे भावाच्या बाजूने उत्तर लिहायचे, मात्र ते प्रामाणिकपणे, त्याला जे खरेच वाटत असेल ते लिहायचे. घरातल्याच माणसाशी, सगळ्यांसमोर, प्रेम न सोडता वाद कसा घालायचा, हे त्या उत्तरातून आणि त्यावरच्या प्रत्युत्तरातून मुलांना उमगते.

दुसरे काम पुराव्याचे आहे. याच पत्राच्या सुरुवातीला फातिमाचा उल्लेख येतो : आपण नसल्यामुळे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांच्याबद्दल आज भाषणांतून आणि समाजमाध्यमांवर पुष्कळ काही सांगितले जाते. मुलांना एका कागदाच्या डाव्या बाजूला पत्रातून जे कळते ते लिहायला सांगावे आणि उजव्या बाजूला लोक सांगतात ते. डावी बाजू छोटी राहते. मुले खट्टू होतात, आणि मग त्यांना तिसरा प्रश्न विचारावा, की एवढे काम करणाऱ्या बाईबद्दल इतके थोडे का लिहून ठेवले गेले? पुन्हा कर्ता नसलेले वाक्य! लिहून न ठेवणारे कोण, हा त्यातला खरा प्रश्न आहे. खऱ्या इतिहासाचा आग्रह धरणाऱ्याने आपल्या आवडत्या माणसांच्या बाबतीतही पदरची भर घालू नये. ती भर पुढे कोणीतरी उघडी पाडतो, आणि तिच्याबरोबर खरे तेही खोटे ठरते.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी एक धागा इथेच जोडता येतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना उद्देशून होती. अमेरिकेत शाळेत जाणारे मूल तिथल्या गुलामीचा इतिहास शिकतेच. पुण्यात बसलेला एक माणूस तो इतिहास वाचून आपल्या समाजाकडे पाहत होता, हे आईवडिलांनी त्याला दाखवावे.

महाडचे चित्र, पण पूर्ण

चवदार तळ्याचे चित्र काढा म्हटले की मुले ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब काढतात, कारण कॅलेंडरवर तेच असते. ते चित्र काढू द्यावे आणि मग कागदाला चारही बाजूंनी आणखी कागद जोडावेत. आता चित्र मोठे करायचे. २० मार्च १९२७ रोजी तळ्याकडे गेलेले हजारो लोक कुठे आहेत? ते कुठून, कशाने आले असतील? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता, मग लोक इतकी वर्षे तिथे का गेले नाहीत? नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस चित्रात कुठे उभे करायचे? आणि पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर, जेवायला बसलेल्यांवर, काठ्या घेऊन धावून आलेले लोक कोणत्या कोपऱ्यात काढायचे?

या शेवटच्या प्रश्नाशी मुले अडखळतात. त्यांना मारणाऱ्यांचे चेहरे राक्षसासारखे काढायचे असतात. मी त्यांना सांगते की ते त्याच गावातले लोक होते, त्यांना घरे होती, मुले होती. चेहरे साधेच काढा. नंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. हे वाक्यसुद्धा कर्त्याविना येते याकडे लक्ष द्यावे. मुलांनी १०८ घागरी मोजून काढायच्या. सातआठ मुलांनी वाटून घेतल्या तरी त्याला बराच वेळ लागतो, आणि पन्नासच्या पुढे कधीतरी एखादे मूल वैतागून विचारते की इतक्या घागरी भरून नेण्याची मेहनत त्यांनी का घेतली असेल. या प्रश्नावर मी उत्तर देत नाही. मुलेच आपसांत बोलतात.

चित्राची शेवटची पट्टी काळाची असावी. २५ डिसेंबर १९२७ ला दुसरी परिषद भरली तेव्हा जागा मिळेना, आणि फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. तळ्याच्या पाण्यावरील हक्काच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्ट. ही दहा वर्षे कागदावर दहा चौकोनांनी दाखवावीत आणि त्यांतले बरेचसे रिकामे ठेवावेत, म्हणजे एका दिवसात सगळे बदलत नाही हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

वारली चित्र शिकवताना

महाराष्ट्रातल्या शाळांत वारली चित्र येत नाही असे मूल सापडणे कठीण. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल काढला की माणूस झाला. शाळांच्या कुंपणांवर, पडद्यांवर, कपबश्यांवर, दिवाळीच्या पणत्यांवर ही माणसे आपण नाचवत असतो, आणि ती ज्यांनी प्रथम काढली त्यांच्याबद्दल मुलांना एक ओळही सांगत नाही. कलेतून सामाजिक न्याय शिकवायचा असेल तर सर्वांत जवळची, सर्वांत सोपी सुरुवात इथे आहे.

साहित्य खरे वापरावे. पुठ्ठ्याला गेरूचा हात द्यावा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालावा, आणि बांबूची काडी टोकाला ठेचून तिचा कुंचला करावा. हात चालत असताना सांगावे, की हे चित्र मुळात लग्नाचा चौक म्हणून घराच्या भिंतीवर सवासिनी काढत, त्यात पालघाट देवी असे, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी वारली स्त्री, लग्नाची गाणी म्हणत असे. ती बायकांची कला होती. जिव्या सोमा म्हसे यांनी ती लग्नाबाहेर, रोजच्या जगण्यात आणि कागदावर आणली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथपर्यंत बहुतेक कलाशिक्षक सांगतात, आणि इथेच थांबतात.

पुढचा भाग असा. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यातील वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या ताब्यात गेल्या होत्या आणि वारली त्यांच्याकडे वेठीला राबत होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलली की तो वारली 'लग्नगडी' होई. कर्ज फिटेपर्यंत त्याने राबायचे, बायकोनेही राबायचे, आणि ते कर्ज बहुधा फिटतच नसे. ज्या लग्नाचा चौक मुले आत्ता काढत आहेत, तेच लग्न त्या जोडप्याला गुलाम करत होते. ही गोष्ट सांगितल्यावर मुलांचे हात थांबतात. थांबू द्यावेत. मला या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो, कारण सुंदर दिसणारी गोष्ट आणि तिच्यामागचे जगणे मुलांना त्या वेळी एकत्र दिसते.

मग दुसरा चौक काढायचा. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फिरणाऱ्या नाचाची जी फिरकी मुलांना येते, तीच फिरकी सभेसाठी वापरता येते. मध्ये तारपा न काढता काय काढायचे, हे त्यांनी ठरवावे. पुढे १० ऑक्टोबरला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकर या लढ्यात होत्या आणि त्यांनी तो 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली काही पाने सातवीपासूनची मुले वाचू शकतात. चित्रात मात्र गोदावरीबाई इतरांपेक्षा मोठ्या काढू नयेत, एवढी सूचना मी करते. वारली चित्रात तशीही सगळी माणसे जवळजवळ सारख्याच उंचीची असतात.

घरात प्रश्न येतील

हे सगळे वाचून-रंगवून मूल घरी येते आणि विचारते, आपली जात कोणती, आपल्या पणजोबांनीही असेच केले असेल का. या प्रश्नाला 'आपल्याकडे तसे काही नव्हते' हे उत्तर पुरत नाही, आणि बहुतेक घरांच्या बाबतीत ते खरेही नसते. केले असण्याची शक्यता आहे, आपण माहिती काढू, असे सांगावे. मुलाला अपराधी वाटू लागले तर टिपणीस आणि सहस्रबुद्धे कोणत्या सवर्ण घरांतून आले होते ते सांगावे. जन्म निवडता येत नाही, बाजू निवडता येते, हे त्यांच्या आयुष्यातून मुलाला कळू शकते. ज्या घरांनी सोसले, तिथल्या पालकांसमोरचे काम अधिक नाजूक असते. माझा अनुभव असा, की तिथल्या मुलांना दुःखाच्या गोष्टींइतक्याच जिद्दीच्या, गाण्यांच्या, हुशारीच्या गोष्टी हव्या असतात. अण्णाभाऊ साठ्यांचे पोवाडे, आंबेडकरी जलशांची गाणी, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या हा सगळा त्यांचा वारसा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवर बायकांनी रचलेल्या ओव्याही आहेत.

अगदी लहान, पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी कोल्हापूरची एक गोष्ट निवडते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढायला मदत केली, आणि कोणी गिऱ्हाईक येईना तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. मुलांना चहाचा कप काढायला फार आवडतो. मात्र ही गोष्ट घरात सांगण्याआधी पालकांनी आपल्या ओट्याकडे एकदा पाहून घ्यावे, कारण धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला असेल, तर मूल तो त्याच दिवशी दाखवते.

पहिल्या बैठकीची तयारी

सुरुवातीला आठ ते बारा मुले आणि दीड तास पुरेसा होतो. एका बैठकीत एकच प्रसंग घ्यावा. मसूर स्टेशन घेतले तर त्या दिवशी महाड घेऊ नये. वाचनाला वीस मिनिटे, कर्ते लिहायला दहा, चित्राला निदान पाऊण तास. उरलेल्या वेळात चित्रे भिंतीला टेकवून ठेवावीत आणि मुलांनी एकमेकांच्या चित्रांसमोर उभे राहून विचारावे. मोठ्यांनी या वेळी बोलू नये, विशेषतः शेवटी उपदेश करू नये. बक्षिसे ठेवू नयेत. प्रत्येक चित्राच्या मागे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : तारीख, हे चित्र कोणत्या मजकुरावरून काढले, आणि यातला कोणता भाग मजकुरात नव्हता, मी कल्पनेने घातला. हे तिसरे कलम मुलांना सुरुवातीला जाचक वाटते, पण चार-पाच बैठकांनंतर ती दुसऱ्यांच्या चित्रांना, आणि हळूहळू छापील पुस्तकांनाही, तोच प्रश्न विचारू लागतात. बैलगाडीला दोन बैल काढलेत, पण मजकुरात बैलांचा रंग होता का, असे एका सात वर्षांच्या मुलीने परवा मला विचारले. नव्हता. तिने चित्रामागे तसे लिहून घेतले.